यारीवाल्याची चपटी

पाऊस चांगला झाला की यारीवाल्याच्या घरात काळजी सुरू व्हायची. सगळं गाव भरलेल्या विहिरींकडे बघून खूश असायचं तेव्हा हा माणूस काही बोलायचा नाही, कारण खरं बोलायची सोय नव्हती. विहिरी भरलेल्या राहिल्या तर त्या खोल कोण करून घेणार? आणि खोल करायची नसेल तर यारी कशाला लागते? यारी म्हणजे विहिरीच्या काठावर मान पुढे काढून उभं राहणारं लोखंडी यंत्र. तिच्या दोराला माणूस मावेल एवढी बादली. फोडलेला दगड या बादलीतून वर येतो, आणि दगड फोडणारी माणसं सकाळी तिच्यातूनच खाली जातात, संध्याकाळी तिच्यातूनच वर येतात. मध्ये जे काही आहे ते यारीवाल्याचा उजवा हात आणि एक ब्रेक.

या वर्षी पावसाने अशी पाठ फिरवली की थंडी सरायच्या आत विहिरींचे तळ दिसायला लागले. वीस वर्षांत असा हंगाम आला नव्हता. मुकादमाकडे आठ विहिरी सांगून ठेवलेल्या होत्या. आणि नेमकं याच वर्षी यारीवाल्याला यारीवर काम नव्हतं, कारण त्याने दारू सोडली होती.

हे लोकांना सांगताना त्याच्या बायकोची पंचाईत व्हायची. नवरा पितो म्हणून काम मिळत नाही, हे वाक्य सगळ्यांच्या ओळखीचं. त्यावर कुठे चुकचुकायचं, कुठे सुस्कारा सोडायचा, सगळं ठरलेलं. नवरा पीत नाही म्हणून काम मिळत नाही, असं म्हटलं की समोरची बाई जरा जवळ सरकून हिच्याच तोंडाला वास येतो का ते बघायची.

दारू सुटली ती दिवाळीनंतर लगेच, मागच्या सालच्या शेवटच्या विहिरीवर. दगडांनी भरलेली बादली वर येता येता सुटली आणि सरळ तळाला गेली. तळाला त्याचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ, पहार घेऊन उभा होता. सगळा मेहुणा बाजूला उडाला, डाव्या पायाची दोन बोटं तेवढी मागे राहिली. तेव्हापासून गाव त्याला आठबोट्या म्हणायला लागलं. हाताची धरली तर अठरा होतात, पण नाव ठेवताना गाव एवढ्या खोलात शिरत नाही.

मुकादमाने निदान केलं, ब्रेकचा पट्टा झिजला. नवीन पट्टा आला. जुना पट्टा यारीवाल्याने घरी आणून भिंतीच्या खिळ्याला टांगला आणि त्या संध्याकाळपासून पेल्याला हात लावला नाही. का, ते त्याने कुणाला सांगितलं नाही. पट्टा चांगला होता. अजून दोन हंगाम चालला असता. हात तेवढा वेळेवर पोचला नव्हता.

पंधरा वर्षांची सवय निघाली, पण निघताना हात हलवत निघाली. पहिले तीन आठवडे त्याला सदऱ्याचं बटण लावता येत नव्हतं. नेमका त्याच दिवसांत मुकादम नव्या हंगामाचं बोलायला घरी आला. बायकोने दोघांना चहा दिला. यारीवाल्याच्या हातातली कपबशी टाळ वाजावेत तशी वाजायला लागली.

"हे काय?" मुकादमाने विचारलं.

"सोडलीय."

"ते दिसतंय. घेत होतास तेव्हा हात कसा होता तुझा? खांब. आता बघ, चहा तुझ्या पोटात कमी आणि मांडीवर जास्त."

"थांबेल महिन्याभरात."

"आणि हंगाम थांबेल?" मुकादमाने आपली बशी खाली ठेवली. "हे बघ, मी कुणाला पी म्हणत नाही. माझ्या तोंडून कधी ऐकलंस? पण कोरड्या हातात मी माणसांचे जीव देत नाही. माझीही जबाबदारी आहे."

हे तो मनापासून बोलत होता. मुकादमाचं एक शास्त्र होतं आणि ते सगळ्या टोळीला पाठ होतं. यारीवाला म्हणजे घेणारा माणूस पाहिजे. नवी विहीर सुरू करायच्या आदल्या संध्याकाळी टोळी गुत्त्यावर बसणार, पहिला पेला यारीवाल्याचा. कामावर यारीच्या पायाशी त्याची चपटी ठेवलेली असणार, त्यातून तो हात स्थिर ठेवण्यापुरतं घेणार. चपटी म्हणजे खिशात बसणारी ती पसरट बाटली. टोळीतली माणसंही गुत्त्यावरच ठरायची. जो सोबत बसतो तो वाट्यावरून भांडत नाही, हा त्या शास्त्राचा दुसरा नियम, पण तो मुकादम मोठ्याने म्हणायचा नाही.

चौथ्या आठवड्यात यारीवाल्याचा हात स्थिर झाला. तोवर मुकादमाचं मतही स्थिर झालं होतं. यारीवर डुलक्या नावाने ओळखला जाणारा माणूस आला. त्याला झोप उभ्यानेही यायची, पण हात थरथरत नसे; झोपलेल्याचा हात कशाला थरथरेल.

यारीवाल्याला मुकादमाने पाट्या उचलायला ठेवलं. वर आलेला दगड पाटीत भरायचा, डोक्यावर घ्यायचा, शंभर पावलांवरच्या ढिगावर टाकायचा. यारीवाल्याला दोन वाटे, खाली खोदणाऱ्याला दीड, पाटी उचलणाऱ्याला अर्धा. दारू सोडून माणूस चौपट सुखी होतो असं म्हणतात. याच्या बाबतीत पाव झाला.

पाटीच्या ओळीत सगळ्या बायका. पहिल्या दिवशी त्याला डोक्यावरची चुंबळही वळता येईना. फडकं सुटून गळ्यात यायचं. शेवटी बायकोने सगळ्यांसमोर त्याला खाली बसवलं, स्वतःची चुंबळ त्याच्या डोक्यावर ठेवली आणि दुसरी वळून घेतली. ओळीतली एक म्हातारी म्हणाली, "शोभून दिसतोय. आता एक काजळाचं बोट लावा." बायका हसल्या. तोही हसला, कारण मान हलवायची सोय नव्हती, वर पाटी होती.

दुसऱ्या विहिरीवर दुपारचं ऊन अंगावर पडत नव्हतं, बसत होतं. लोखंडाला हात लावला की चटका. विहीर पन्नास हात खोल गेली होती आणि खाली आठबोट्या आणि आणखी एक जण, दोघे दगड फोडत होते. यारीवाला रिकामी पाटी घेऊन ढिगावरून परत येत होता. डोळे सवयीने यारीकडे. इंजिनाचा आवाज सारखा चालू. भरलेली बादली अर्ध्यावर आलेली. डुलक्याची मान हळूहळू छातीकडे चाललेली.

मान छातीला टेकली आणि बादली थांबली. क्षणभर लोंबकळली. मग उलटी खाली निघाली, आधी हळू.

यारीवाल्याने पाटी टाकली. तो केव्हा पोचला ते त्याला कळलं नाही. एवढंच कळलं की डुलक्या खांद्याने बाजूला ढकलला गेलाय आणि ब्रेकचा दांडा आपल्या हातात आहे. पट्टा किंचाळला. करपल्याचा वास आला. दोर थरथरत ताणून थांबला. खालून आठबोट्याची शिवी वर आली, इतकी लांबलचक आणि सविस्तर, की माणूस धड आहे याची सगळ्यांना खात्री पटली.

मुकादम झाडाखालून धावत आला. आधी त्याने दोर बघितला, मग डुलक्याला बघितलं, मग यारीवाल्याचा दांड्यावरचा हात बघितला.

"तुला कुणी सांगितलं यारीला हात लावायला?"

"बादली सुटली होती."

"सुटली होती का थांबली होती?"

"मी थांबवली."

"म्हणजे थांबली. मग बोंब कसली?" मुकादमाने डुलक्याला उठवून जागेवर बसवलं. "दुसऱ्याच्या यारीला हात लावायचा नाही, ही रीत आहे. तुझ्यापासूनच चालत आलेली. उचल पाटी."

डुलक्याने पायाशी ठेवलेली चपटी उचलली, धक्का बसला होता म्हणून दोन घोट घेतले आणि परत कामाला लागला. यारीवाल्याने पाटी उचलली. हाताच्या तळव्याला दांड्याचा चटका बसून लाल पट्टी उमटली होती. बायकोने ओळीत पुढे चालता चालता मागे वळून पाहिलं.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी आठबोट्या बहिणीच्या घरी आला. तो दोन गल्ल्या पलीकडे राहायचा, पण बोटं गेल्यापासून येणं कमी झालं होतं. चालताना डावा पाय जरा बाहेर टाकायचा. बहिणीने चूल पेटवून चहा ठेवला. तो बसला नाही. भिंतीशी उभा राहिला.

"दाजी, परवा बादली कशी सुटली?"

"डुलक्याला झोप लागली."

"म्हणजे घेतली होती."

"रोजच घेतो."

"हं." त्याने खिळ्यावरच्या पट्ट्याकडे पाहिलं. "आणि मागच्या साली?"

चुलीवरचं पाणी उकळायला लागलं होतं. बायकोने त्यात पावडर टाकायची ती डब्यातच चमचा फिरवत राहिली.

"पट्टा झिजला होता," यारीवाला म्हणाला.

आठबोट्याने खिळ्यावरचा पट्टा काढला नाही. नुसता अंगठा फिरवला, वरपासून खालपर्यंत, सावकाश, कापडाचा पोत बघावा तसा. मग अंगठा विजारीला पुसला.

"येतो," तो म्हणाला.

"अरे, चहा तर घे," बहीण म्हणाली.

"नको ताई. घाईत आहे." सुट्टीच्या दिवशी त्याला कसली घाई होती ते त्याने सांगितलं नाही. त्याचा चहा यारीवाल्याने प्यायला. दोन्ही कप. हात हलला नाही.

त्या दिवशी त्याने ठरवलं की यारीवर आपणच बसायचं. वाट्यासाठी म्हणा, वाटा तर होताच. पण डुलक्याची मान परत कधी ना कधी छातीला टेकणार होती, आणि दर वेळी आपण पाटी टाकून धावण्याच्या अंतरावर असू, याची हमी नव्हती.

"मग जाऊन बसा गुत्त्यावर," बायको म्हणाली. हे वाक्य आपल्या तोंडून निघालं याचं तिलाच नवल वाटलं. पंधरा वर्षं ती दारात त्याचं तोंड हुंगून मगच त्याला आत घ्यायची. "बसा म्हणाले," ती पुढे म्हणाली. "प्या नाही म्हणाले."

गुत्ता चालवणारी बाई साठीची होती. सगळे तिला मावशी म्हणायचे. संध्याकाळची गर्दी व्हायच्या आत यारीवाला तिथे पोचला.

"मावशी, पेल्यात पाणी देशील?"

"नळ बाहेर आहे."

"तसं नाही. बाकीच्यांना देतेस त्या पेल्यात. त्यांच्यासमोर. तीही पांढरी, पाणीही पांढरं. कुणाला कळायचं नाही."

मावशीने पेले विसळायचं थांबवून त्याच्याकडे पाहिलं. तीस वर्षांत तिच्याकडे दारूत पाणी घालू नकोस असं सांगणारे खूप आले होते. पाण्यात दारू घालू नकोस म्हणणारा हा पहिलाच.

"भाव तोच राहील," ती म्हणाली.

"पाण्याला?"

"पाण्याला कशाला? माझ्या गप्प बसण्याला. खरं तर ते महाग असतं, पण तू जुना माणूस." तिने बोटं मापात बुडवून त्याच्या सदऱ्यावर चार शिंतोडे उडवले. "वास फुकट."

घरी येऊन त्याने भाव सांगितला तेव्हा बायको मटकन बसली. "एवढ्या पैशांत पाणी? मग दारूच प्यायची होती, पैसे तरी वसूल झाले असते." मग आपण काय बोललो ते ध्यानात येऊन तिने जीभ चावली, आणि शेजारणींना आता काय सांगायचं ते दोघांनी ठरवून टाकलं. सांगायचं काहीच नाही, ऐकवायचं. गुत्त्यावरून आलेल्या नवऱ्याला बायको काही बोलली नाही तर शंका यायची.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला तो जरा झोक देत दारात आला. बायको पदर खोचून उंबऱ्यावर तयार होती.

"आलात ढोसून?" तिने सुरुवात केली. समोरच्या घराचं दार किलकिलं झालं. "लाज नाही वाटत? चार महिने सोडून राहिलात, शेवटी गेलात त्याच डबक्यात." इथपर्यंत ठरलेलं होतं. इथे त्याने मान खाली घालून आत जायचं होतं. पण ती दारातून हलली नाही. "थोरली झाली तेव्हा तीन दिवस कुठे होतात? सुईणीला द्यायला घरात काही नव्हतं. माझ्या भावाने स्वतःची सायकल विकली. तुम्हाला ठाऊक तरी होतं का कुणी विकली ते? त्याच भावाच्या…" वाक्य अर्धंच सोडून ती बाजूला झाली. समोरची दोन दारं आता पूर्ण उघडी होती.

आत येऊन तो बराच वेळ भिंतीला टेकून बसला. बायकोने ताट वाढलं.

"बरं झालं ना?" तिने विचारलं.

"पहिली दोन वाक्यं बरी होती. पुढचं ठरलं नव्हतं."

"पुढचं आधीचं राहिलेलं होतं," ती म्हणाली आणि पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे ठेवला.

"तुझ्या भावाला सांगून टाकू का?"

तिने विचार केला. भाऊ गुणी होता, पण संध्याकाळी तोही गुत्त्यावर बसायचा, आणि दोन पेल्यांनंतर त्याच्या पोटात काहीच टिकायचं नाही, ना जेवण ना गुपित. दुसऱ्या दिवशी मुकादमाला कळलं असतं की हा माणूस आपल्याला पाणी पिऊन शेंडी लावतोय, आणि मग पाटीही गेली असती. हे एक कारण. दुसरं दोघांपैकी कुणी काढलं नाही. सोडली आहे म्हटलं की, का सोडली, हे सांगावं लागलं असतं.

तो रोज जाऊ लागला. पाणी पिऊन माणूस किती झिंगू शकतो हे त्याचं त्यालाच नवल वाटायचं. मुकादमाच्या जुन्याच विनोदांना तो वेळेवर हसायचा. शुद्धीत असल्यामुळे आधीच्यापेक्षा अचूक हसायचा. एक गोष्ट त्याला तिथे बसून पहिल्यांदाच दिसली. कुठली विहीर कोण घेणार, कुणाला खाली पाठवायचं, कुणाचा वाटा वाढवायचा, हे सगळं त्या बाकड्यांवर ठरत होतं, आणि ठरवणाऱ्यांना सकाळी ते फारसं आठवत नव्हतं. त्याला एकट्याला आठवायचं. त्याने ते कधी बोलून दाखवलं नाही. आठबोट्या कोपऱ्यातल्या बाकावर बसायचा. हा आला की तो पेला संपवून उठायचा. "जातो मी, ताई घरी एकटी असेल, बघून येतो," असं एकदा मोठ्याने म्हणाला. टोळी हसली. यारीवालाही हसला. ते त्याच्या कामाचा भाग होतं.

आणि मग डुलक्या पडला. पन्नास हात खोल विहिरींच्या काठावर दोन महिने डुलूनही ज्याचा तोल गेला नाही, तो गुत्त्याच्या तीन पायऱ्यांवरून पडला आणि उजवा हात मोडून घेतला. चौथी विहीर दुसऱ्या दिवशी सुरू व्हायची होती. मुकादमाने बाकड्यांवरून नजर फिरवली. ती यारीवाल्यावर येऊन थांबली. त्याचा पेला स्थिर होता.

"बघा," मुकादम सगळ्यांना म्हणाला, "औषध सुरू झालं, गडी बरा झाला."

पहिला पेला मावशी स्वतः आणायची, तो तिचा मान होता. तिने आणला. यारीवाल्याने एका दमात रिकामा केला, डोळे मिटले, घशातून खर्रर्र आवाज काढला. टोळीने बाकडी वाजवली. कोपऱ्यात आठबोट्याने आपला भरलेला पेला तसाच ठेवला आणि उठून गेला. भरलेला पेला सोडून जाताना त्याला कुणी कधी पाहिलं नव्हतं.

सकाळी ऊन चढायच्या आत टोळी विहिरीवर जमली. जुनी, पडझड झालेली, साठ हातांची विहीर. तळाला चिखलाचा काळा डाग आणि त्यात एक बेडूक ओरडत होता. यारीवाल्याने दोर बोटांतून ओढून तपासला, नवा पट्टा दोनदा दाबून बघितला, दांड्याला तेल दिलं. मग रीतीप्रमाणे चपटी यारीच्या पायाशी ठेवली. पहाटे घरच्या माठातून ती बायकोनेच भरून दिली होती. बायको आता पाटीच्या ओळीत उभी होती, चुंबळ वळत.

"चला, पहिला कोण?" मुकादम म्हणाला. "आठबोट्या, हो पुढे."

आठबोट्या पुढे आला. बादलीजवळ येऊन थांबला. त्याने बादलीत पाय टाकला नाही.

"मी नाही जात."

"का?"

"यारीवर हा असेल तर मी नाही जात."

इंजिन अजून सुरू केलेलं नव्हतं. सगळ्यांना ऐकू गेलं.

मुकादम हसला. "अरे, तुझा दाजी आहे तो. आणि घेतो म्हणून बोलत असशील तर तू काय गोमूत्र पितोस? परवा माझ्याशेजारी बसून काय ढोसत होतास?"

"मी पितो ते माझ्या जिवावर पितो," आठबोट्या म्हणाला. "हा पितो तो माझ्या जिवावर."

मुकादमाचं हसू हळूहळू कमी झालं. एक जण नाही म्हणाला की उद्या दोघे म्हणतात, हे त्याला माहीत होतं. त्याने सूर बदलला, मोठ्या भावाचा केला.

"भ्यायलास तू. मागच्या सालचं मनात बसलंय. होतं असं." तो वाकला, यारीच्या पायाशी ठेवलेली चपटी उचलली आणि बूच काढलं. "घे. एक घोट मार, भीती जाईल. मग जा खाली."

यारीवाल्याचा हात पुढे झाला आणि मध्येच थांबला. काही सांगायचं तर काय सांगायचं. ओळीत बायकोच्या हातातली चुंबळ सुटून जमिनीवर पडली. ती उचलायला तिने वाकायला हवं होतं, पण ती तशीच उभी राहिली.

आठबोट्याने चपटी घेतली. ती तो विहिरीत फेकणार असं क्षणभर सगळ्यांना वाटलं. त्यालाही तसंच वाटलं असावं, कारण हात मागे गेला होता. मग त्याने ती तोंडाला लावली आणि एक मोठा घोट घेतला.

घोट घशाखाली उतरला. त्याचा चेहरा कोराच राहिला. माणूस पायरी आहे समजून पाय टाकतो आणि सपाट जमीन लागते, तसं काहीतरी त्याच्या डोळ्यांत झालं. त्याने बाटली डोळ्यांसमोर धरून पाहिली. मग यारीवाल्याकडे पाहिलं. यारीवाला त्याच्याकडेच बघत होता. पापणी हलवायचीही त्याची छाती झाली नाही.

"काय झालं?" मुकादमाने विचारलं. "हलकी आहे का? आण इकडे, बघू." त्याने हात पुढे केला.

आठबोट्याने बाटली मुकादमाच्या हाताजवळ नेली. नेली आणि परत फिरवली. मान मागे टाकली आणि गटागटा, न थांबता, शेवटच्या थेंबापर्यंत सगळी चपटी रिकामी केली. टोळीतून कुणाचा तरी आवाज निघाला, "आई गं." मग आठबोट्या जोरात खोकला, डोळ्यांना पाणी आणलं, छाती चोळली आणि रिकामी बाटली मुकादमाच्या हातात दिली.

"जाळ आहे नुसता," तो म्हणाला.

"अख्खी संपवली," मुकादम म्हणाला. आवाजात धाक नव्हता, आदर होता. तो टोळीकडे वळला. "बघितलंत? कोरड्या पोटी हिंमत येत नसते."

आठबोट्याने उजवा पाय बादलीत टाकला, मग डावा. इंजिन सुरू झालं. यारीवाल्याने बादली उचलली, ती अधांतरी येऊन यारीच्या बाजूला झुलली, आणि मेहुण्याचं तोंड त्याच्या तोंडापासून हातभर अंतरावर आलं.

"मागच्या साली हेच भरलं असतंत तर," आठबोट्या म्हणाला. इंजिनाच्या आवाजात ते दुसऱ्या कुणाला ऐकू गेलं नाही.

"पट्टा झिजला नव्हता." यारीवाल्याने दांडा घट्ट धरला.

"माझ्या अंगठ्याला कळलं होतं." त्याने दोर दोन्ही हातांनी धरला. "सोडा आता. हळू."

बादली खाली निघाली. आधी पाय दिसेनासे झाले, मग छाती, मग डोकं, मग नुसता दोर. दांड्यावरचा यारीवाल्याचा हात थरथरायला लागला. चार महिन्यांत पहिल्यांदा. त्याने दुसरा हातही दांड्यावर ठेवला आणि दोन्ही हातांनी दोर बोटबोट सोडत राहिला.

मुकादम बाजूलाच उभा होता. त्याची नजर त्या हातांवर गेली.

"का रे, हात का हलतोय?"

"सगळी त्यानेच संपवली," यारीवाला म्हणाला. "मला कुठे राहिली."

मुकादमाला ते पटलं. "उद्यापासून दोन आणत जा," तो म्हणाला आणि सावलीकडे गेला.

ओळीतल्या बायकोने वाकून चुंबळ उचलली, माती झटकली. दोर सुटत राहिला, चाळीस हात, पन्नास, साठ. मग तो सैल झाला. बेडकाचा आवाज बंद पडला आणि खालून, लांबून, पण स्वच्छ आवाज आला, "पोचलो."

यारीवाल्याने ब्रेक बसवला. हात काढून घ्यायच्या आधी त्याने तो आणखी एकदा दाबून बघितला.